अकराचा भोंगा

"किती वाजता झालं, तेवढं नक्की सांगा," डॉक्टर मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या.

यशोधरेला सांगता येईना. तिचे सासरे चिंतामणराव समोर स्ट्रेचरवर होते. वय शहात्तर. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा गेलेली. मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन इंदुरात नवीनच आलं होतं. तीन तासांच्या आत दिलं तर माणूस चालत-बोलत घरी जाण्याची आशा. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन इथंच सगळं संपायची भीती.

"साडेसातला मी शाळेत शिकवायला निघाले तेव्हा चहा पीत होते. साडेबाराला ह्या बाबूरावकाकांना गच्चीच्या जिन्यात पडलेले दिसले."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. "मग मला साडेसातच धरावे लागतील," मॅडम म्हणाल्या. "सॉरी."

"अकरापर्यंत ठणठणीत होता," शेजारचे बाबूराव ओरडले. मिलच्या मागांवर चाळीस वर्षं काढलेला माणूस हळू बोलत नाही. आपले कान तो तिथंच ठेवून आलेला असतो. "अकराचा भोंगा दिला ना त्याने."

"कुठल्या मिलचा?" मॅडमनी विचारलं. "मिल्स बंद होऊन दहा वर्षं झाली."

बाबूरावांनी यशोधरेकडे पाहिलं, मग फरशीकडे. आता सांगणं भाग होतं.

चिंतामणरावांनी एकतीस वर्षं मिलचा भोंगा वाजवला. त्याने अर्धं इंदूर उठायचं आणि उरलेलं अर्धं शिव्या देत उठायचं. मिलला कुलूप लागलं, तशी ह्यांनी गच्चीवर उभं राहून, तोंडाशी हात धरून, स्वतःच भोंगा द्यायला सुरुवात केली. सात, अकरा आणि तीन. छत्रीबागेतली कबुतरं उडत. नदीपलीकडच्या म्हशी दचकून दूध चोरत. कामावरून काढलेला एक जॉबर, मागांवरचा मुकादम, तर डबा घेऊन मिलच्या बंद फाटकापर्यंत जाऊन आला. गल्ली हसू लागली. शेवटी गेल्या दिवाळीत यशोधरेने सासऱ्यांना नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. भोंगा बंद.

"शपथ मोडली बरं का, सूनबाई," बाबूराव म्हणाले. "तू घरी असलीस की गप. पण अकराला तू शाळेत. तेवढा एक द्यायचा. आम्ही गल्लीवाले बोललो नाही, बस."

मॅडम पुढे झाल्या. "आज तुम्ही ऐकलात?"

"क्या?"

"भोंगा. ऐकलात?"

"मी कशाला ऐकतोय? माझ्या कानाशी ढोल बडवा, काही कळणार नाही. हात तोंडाशी नेलेला बघितला ना मी खालून."

"घड्याळ पाहिलं?"

"भोंगा झाल्यावर घड्याळ कोण बघतं जी?"

मॅडमनी फाइल मिटली. "ह्या वयात धोका तसाच जास्त. बहिऱ्या माणसाच्या साक्षीवर मी हे औषध नाही देऊ शकत."

यशोधरेने हात पुढे केला, फाइल उघडली आणि संमतीचा कागद शोधला.

"अकराच वाजले होते. शपथ मोडली हे माझ्या तोंडून निघत नव्हतं," ती म्हणाली. "आमच्या पाचव्या तासाची घंटा आणि त्यांचा भोंगा एकदमच होतात. आज पूर्ण झाला. कुठे तुटला नाही, अडखळला नाही."

"शाळेपर्यंत ऐकू येतो?"

"दोन गल्ल्या सोडून तर आहे शाळा. खिडकी उघडी असली की येतो." तिने सही केली. "दिवाळीपासून मी रोज उघडी ठेवते."