करवतीवरचं पाणी

"वहिनी, लग्नघर केलंस की गं कारखान्याचं!" दीर खोकत खोकत म्हणाला.

वहिनीने बादलीच्या तळाचं पाणी ओंजळीने दगडांच्या चळतीवर शिंपडलं, पदराने कपाळ पुसलं आणि फाटकाकडे पाहिलं. संसदेच्या समितीच्या गाड्या आत वळत होत्या.

फरशी कापण्याची ती शेड आज ओळखू येत नव्हती. एरवी तिथे समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. भुवया, जेवणाचे डबे, दिव्याची वायर, सगळं एकाच पांढऱ्या भुकटीखाली असायचं. आज जमीन ओली, काळीभोर होती. कारखान्याला नळ नव्हता, पण गल्लीतल्या बायकांनी हंडे-कळशा वाहून आणून पाणी मारलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. घरी कोणी यायचं म्हटलं की आपण केर काढतो, तितक्या सहज. मालकाने मात्र काहीच केलं नव्हतं. तो कोपऱ्यात उभा राहून रुमालाने मान पुसत होता. त्याचा चेहरा उतरलेला होता.

या एका भेटीसाठी वहिनीने चपला झिजवल्या होत्या. दगडाच्या धुळीने तिच्या नवऱ्याची छाती आतून घट्ट होत गेली आणि तो गेला. त्याच करवतीवर मग धाकटा दीर उभा राहिला आणि महिन्याभरात तोही खोकायला लागला. ती डॉक्टरांकडे गेली, वार्ताहरांकडे गेली, खासदाराच्या दारात बसून राहिली. अखेर कामगार-सुरक्षेच्या विधेयकात एक कलम आलं: दगड कापताना करवतीवर पाण्याची धार सोडलीच पाहिजे, आणि ते पाणी मालकाने पुरवलं पाहिजे. ओली धूळ उडत नाही. एवढंच त्यामागचं शास्त्र.

कारखानदारांच्या संघटनेने गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल धाडला. धूळ मर्यादेतच आहे, पाण्याचा खर्च झेपणार नाही, कारखाने बंद पडतील. समितीतल्या काहींना तो पटला, काहींना पटवण्यात आला. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, "दोन्ही बाजूंचं ऐकून झालं. आता हवेलाच विचारू."

वहिनीला ते वाक्य फार आवडलं होतं. हवेला कोण फितवणार?

पाहुणे आले. टेबलावर स्टीलचे पेले भरून मांडले होते. सभासदांनी हसून मान हलवली. त्यांच्या हातात आपापल्या बाटल्या होत्या. सोबतच्या तंत्रज्ञ मुलीने तिपाईवर धूळ मोजायचं यंत्र चढवलं आणि त्याची नळी करवतीकडे वळवली.

"करू का चालू?" मुकादमाने विचारलं.

पातं दगडात शिरलं. दीर मगामगाने पात्यावर पाणी सोडत राहिला. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ उडायला नको, असं वहिनीनेच त्याला बजावलं होतं. पात्याखालून राखाडी चिखल ओघळत होता. दगड कापून होईपर्यंत दीर एकदाही खोकला नाही.

मुलीने आकडा वाचला. खात्री करायला पुन्हा वाचला.

"मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे, मॅडम."

मालकाने रुमाल खिशात ठेवला.

वहिनीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती धावतच पुढे गेली. "बाई, हे आजच्यापुरतं आहे हो! आज आम्ही पाणी मारलंय. रोज कोरडंच कापतात. तुम्ही येणार म्हणून केलं आम्ही."

"मग तर कलम बरोबरच आहे, मॅडम," मुलगी हळूच म्हणाली. "पाण्याने धूळ बसते, हेच दिसलं ना."

अध्यक्षबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग वहिनीच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"अहो, म्हणजे कायद्याशिवायही जमतंय की तुम्हाला!"

सगळे हसले. मालकही हसला. संघटनेचा अहवाल काखेत धरलेले एक सभासद म्हणाले, "सक्ती कशाला मग? 'सोडलीच पाहिजे'च्या जागी 'शक्यतो सोडावी' घालू. आणि पुरवण्याचं ते वाक्य काढून टाकू. विधेयकही अडायचं नाही."

कोणी हरकत घेतली नाही. पुढच्या भेटीला उशीर होत होता.

गाड्या गेल्या. मालकाने बोटाने खूण केली आणि करवत पुन्हा सुरू झाली, कोरडी. दुपार कलेपर्यंत जमीन वाळली. शेडमधले चेहरे एकेक करून पुसट होत गेले. दीर भिंतीला पाठ लावून बसला होता. खोकला थांबत नव्हता.

"वहिनी, घोटभर पाणी दे गं."

ती गल्लीत पळाली. घरचा हंडा पालथा होता. शेजारच्या दारातलाही. त्यापुढच्याही. टँकर परवा यायचा होता. तोवर पुरवायचं सगळ्या गल्लीचं पिण्याचं पाणी आज कारखान्याच्या जमिनीने पिऊन टाकलं होतं.

ती परत आली. टेबलावर पाहुण्यांचे पेले भरलेलेच होते. एकालाही कोणी तोंड लावलं नव्हतं. दुधावर धरावी तशी पाण्यावर पांढरी साय धरली होती. वहिनीने ती बोटाने बाजूला सारली आणि पेला दिराच्या ओठांना लावला.