चांगुणाचं तूप

धाकटी जाऊ गौतमी बावधनच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. सासू माणमध्ये घरोघरी तिचं कौतुक सांगायची आणि थोरल्या चांगुणाच्या पोटात दुखायचं. तिच्याकडं मिरवायला एकच गोष्ट होती, तिच्या हातचं रवाळ तूप.

एक दिवस गौतमी तेच मागायला आली. "ताई, तुपातून क्ष-किरण सोडले की ते कसे विखुरतात, त्यावरून रवा कसा धरतो ते कळतं. तुमचं तूप द्याल?"

आता एवढंही हिलाच हवं! चांगुणानं गुपचूप दुकानातलं तूप डब्यात भरून दिलं.

आठवड्यानं गौतमी हिरमुसून घरी आली. "सर म्हणाले, या तुपाला धड रवाच नाही. मी म्हटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार. आमच्या ताईंचं तूप असं निघणारच नाही."

चांगुणाला तिच्याकडं बघवेना. ओट्यावरची भांडी उगाच सारखी करत ती म्हणाली, "उद्या लोणी कढवायचंय. माझ्यापाशी उभी राहा, समदं दावते. आन् सरांना सांग, तुझी चूक न्हवती."