धुळ्याला गेलेली प्रत

१९९९ साली जळगावच्या पाइप कारखान्यात ईमेलचा सर्व्हर आला, तेव्हा ऑपरेटर कुंदाने प्रत्येकाच्या मेलची दुसरी प्रत दर तासाला धुळ्याच्या शाखेत जाईल अशी सोय केली. "एका कामाला दोन यंत्रं कशाला?" मालक जीवरामआबा कुरकुरले होते. मे महिन्यात विजेचा दाब वाढला आणि जळगावचं यंत्र जळालं. आबा जळक्या यंत्रापाशी धावले. "सकाळीच लेकीचा अमेरिकेतून मेल आला होता. नातीचा पहिला फोटो! पेढे आले की सगळ्यांसमोर उघडणार होतो." कुंदाने धुळ्याला फोन लावला. पलीकडे तिथले ऑपरेटर झुलालभाऊ हसले. "ताई, बठ्ठं आठे सुखरूप शे! फोटो आम्ही बठ्ठासनी देखा. आबासले सांगा, नाक त्यासनंच शे!" सगळं तिथे सुखरूप आहे आणि नातीचं नाक आबांसारखंच आहे, हे कुंदाकडून ऐकून आबांचा चेहरा उजळला. "तासाभरात फोटो इथे मागवते," कुंदा म्हणाली. "तासभर कोण थांबतं?" म्हणत दोन तासांवरच्या धुळ्याला आबा निघालेसुद्धा.