माथ्यावरची मोकळी जागा

“शिरीन, हे बघ, परत वर चिकटलं!” हेमकांत सरांनी स्क्रीनवर बोट आपटलं.

चिकटलं होतं खरंच. प्रकरणाचं नाव पानाच्या अगदी माथ्याला जाऊन बसलेलं. प्रकरणाचा असो की त्यातल्या भागाचा, प्रत्येक मथळ्यावर दोन इंच जागा सोडायची, असा विद्यापीठाचा नियम. शिरीन जागा सोडायची आणि नवं पान लागलं की मेलं सॉफ्टवेअर ती गिळून टाकायचं. सकाळी एवढ्याच कारणावरून सरांचा प्रबंध परत आला होता. आता चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचला ऑनलाइन प्रबंध घेणं बंद, आणि सरांची सात वर्षांची नोंदणी रद्द.

तळोद्याच्या कॉलेजात ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प होतो, ते सर टायपिंग सेंटरच्या स्टुलावर घामाघूम होऊन बसले होते. घाबरले की त्यांची पुस्तकी मराठी पार पळून जायची आणि घरची अहिराणी बाहेर पडायची. “लवकर कर वं माय! मन्हा सात वरीस शेतस यामा.”

शिरीनही धास्तावली होती. टायपिंग तिचं, म्हणजे चूक तिचीच. सरांची नोंदणी गेली तर गावात तिचंच नाव निघणार.

“हे चौथं प्रकरण बघ की,” सर म्हणाले. “हे मी स्वतः घरी टाईप करून आणलं. एक तरी मथळा चिकटलाय? तसंच कर सगळं!”

शिरीनला लाज वाटली. दहा वर्षं हेच काम करतेय, आणि जमलं कोणाला, तर दोन बोटांनी टाईप करणाऱ्या सरांना! त्यांनी जागा धरली तरी कशी, हे बघायला तिने चौथं प्रकरण उघडलं आणि मथळ्यावरच्या कोऱ्या जागेवरून माऊस ओढला. निळ्या पट्टीत पांढरे आकडे उमटले. ७८६.

तिने पुढचा मथळा पाहिला. तिथेही ७८६. त्याच्या पुढेही तेच.

अब्बा साधी चिठ्ठी लिहायला बसले तरी कागदाच्या माथ्यावर आधी ७८६, म्हणजे आकड्यातलं बिस्मिल्ला, लिहायचे. शिरीनने तीच सवय उचलली होती. मथळ्यावरच्या ओळीत पांढऱ्या रंगात ७८६ टाकलं की कागदावर काही दिसायचं नाही आणि जागाही हलायची नाही. मागच्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं, विकणारा म्हणाला जागा आपोआप सुटते, आणि तिने ते सोडून दिलं. आजच्या धांदलीत तर आठवलंही नव्हतं.

हे प्रकरण तिनेच टाईप केलं होतं. दोन वर्षांपूर्वी, खापर गावच्या रंजिता मॅडमसाठी. सरांच्याच हाताखाली शिकवायच्या त्या. प्रकरणाची फाईल सरांना वाचायला दिली आणि आठवड्याने डोळे पुसत आल्या. “प्रिंट काढू नको गं शिरीन. सर म्हणाले, यात काही दम नाही.” त्यानंतर त्यांनी प्रबंधाचं नावच टाकलं.

“झालं का?” सरांचा आवाज चिरकला. “चार चाळीस झाले!”

शिरीनने माऊस सोडला आणि मोबाईल उचलला.

“दोन मिनिटं थांबा, सर. रंजिता मॅडमना फोन लावते. त्यांच्या प्रकरणात दम आहे, हे तुम्हीच त्यांना सांगा.”