इराचा हात

शनीपलीकडे गेलेल्या यानातून आवाज पोहोचत नसे, ठिपके-रेघांच्या मोर्स लिपीचे ठोके तेवढे यायचे. त्या यानातल्या लेकीसाठी, इरासाठी, प्राजक्ताताई साठाव्या वर्षी मोर्स शिकल्या, तेही तक्ता पाठ न करता, कानाने. ठोके देण्याची प्रत्येकाची ढब, म्हणजे त्याचा ‘हात’, वेगळा असतो. इरा ‘आई’ या शब्दानंतर जराशी थांबायची, लहानपणी हाक मारून थांबायची तशी.

मार्चपासून ती थांबेनाशी झाली. मजकूर तोच, ‘आई, मी बरी आहे’, पण ठोके घड्याळासारखे एकसारखे.

“हे यंत्र पाठवतंय ना?” त्यांनी अवकाश केंद्रातल्या, मोर्स शिकवणाऱ्या ढवळे सरांना विचारलं. “इरा कधी गेली?”

सरांनी मान खाली घातली. “मार्चमध्येच.”

त्या म्हणाल्या, “सर, मला आता तक्त्यावरून शिकवा. ठोके ऐकायचे नाहीत, त्यात तिचा हात नाही हे कळतं. कागदावरचे ठिपके-रेघा मोजून नुसती अक्षरं वाचेन. ‘मी बरी आहे’, एवढंच.”