साळुबाईचा ळ

सत्त्याण्णव साली यशोधरा पुण्याला समाजकार्याची पदवी घेत होती. प्रात्यक्षिकासाठी तिने डिंगोऱ्याजवळच्या आमच्या वाडीत साक्षरता वर्ग काढला. वर्गाला दहा निरक्षर बायका हव्यात, नाहीतर वर्ष वाया, अशी कॉलेजची अट होती. पोरगी आठवड्यातून दोनदा यायची, नारायणगावला उतरून जीप धरायची आणि भर दुपारी देवळात पाट्या वाटायची.

दोन महिन्यांनी ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "गुरुजी, उद्या मॅडम तपासायला येणार. नऊजणी झोकात सही करतात, पण साळूमावशींचा ळ अजून उताणाच पडतो. माझंच शिकवायला चुकतंय का हो?"

"चल, बघू," म्हणून मी देवळात गेलो. साळुबाई पाटीवर वाकून मोठ्या कष्टाने उलटा ळ काढत होती.

तिच्या माहेरच्या शाळेत मी सहा वर्षं शिकवलं होतं. सातवीला पहिली आलेली साळू, जिचं अक्षर मी सगळ्या वर्गाला दाखवायचो, ती हीच.

यशोधरा खडू आणायला वळली, तसं मी हळूच विचारलं, "साळे, हे काय चाललंय?"

तिने पदर तोंडाला लावला.



"गप ऱ्हावा, गुरुजी. उद्या मॅडमपुढं नीट काढते की. पोरीला धा अडाणी बाया लागत्यात, अन् वाडीत नऊच निघाल्या."