गीझरचं बटण दाराआड

जिना.

"सांभाळून हं, वरची पायरी डुगडुगते," पुढे चालणारी बायको म्हणाली आणि आप्पा बॅग हातात धरून तिथेच थबकले.

तिला आठवलं!

लग्न झाल्यावर दोघं याच दगडी इमारतीत आठवडाभर राहिली होती. तेव्हा इथे लॉज होतं. आता सुट्टीला येणाऱ्यांसाठी फ्लॅट केलेत. मध्ये चाळीस वर्षं गेली. हल्ली बायकोच्या डोक्यात गोंधळ माजलाय, याचा आप्पांनी धसकाच घेतला होता. काही सांगायला जावं तर म्हणायची, "अहो, हे मघाशीच सांगितलंत." सांगितलेलं नसायचंच! शेवटी डॉक्टर दोघांकडे बघून म्हणाले, ओळखीच्या, आनंदाच्या जागी जाऊन राहा.

खोली.

जाड भिंती. उंच छत. खाली चौकातल्या फरशीवर सायकलींचा खडखडाट. खिडकी आप्पांना हलेना. बायकोने कडी जराशी वर उचलली, मग ओढली. उघडली.

"खिडकी आठवते तुला?"

"आठवते की."

"आणि मी?"

"तुम्हाला कोण विसरेल? घोरता केवढं!"

आप्पा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. चष्मा काढायला गेले तर चष्माच नाही. राहिला वाटतं घरी. टेबलाचा ड्रॉवर उघडला तर आत एक पडलेला. कुणीतरी पाहुणा विसरला असणार. लावून बघितला. अगदी आप्पांच्याच नंबरचा.

"बघ! नशीब लागतं!"

बायको जवळ आली. त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेतला, काचा पुसल्या, परत नीट लावून दिला.

न्हाणीघर.

"गीझरचं बटण दाराआड आहे," ती बाहेरून ओरडली.

होतंच.

गरम पाण्याखाली उभं राहून आप्पा एकेकाचे आभार मानत राहिले. डॉक्टरांचे. त्या विसरभोळ्या पाहुण्याचे. ही इमारत न पाडणाऱ्यांचे. बायको हातातून निसटत चालली होती, ती परत मिळाली. आणखी काय हवं माणसाला?

पुन्हा जिना.

निघायच्या दिवशी किल्ल्या घ्यायला इमारत सांभाळणाऱ्या बाई खाली उभ्या होत्या. आप्पांनी हात जोडले.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू? या घरानं हिला सगळं परत दिलं."

"चला, गाडी चुकेल," बायको घाईघाईने म्हणाली.

"अगं थांब, दुसऱ्याची वस्तू नेऊ नये." आप्पांनी चष्मा काढून बाईंपुढे धरला. "हा कुणा पाहुण्याचा राहिलाय. बिचारा शोधत असेल."

बायकोने मागून बाईंना 'नको' अशी मान हलवली, पण बाईंचं लक्ष चष्म्याकडे होतं. त्या हसल्या.

"अहो काका, तुमचाच हा! तुम्ही येणार म्हणून मीच ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मागच्या महिन्यातही असाच माझ्या हातात देऊन गेलात."